मदत हवी आहे: हद्दपार अमराचं अमरत्व टिकतं का?

कादंबरीसाठी चीनच्या ताओ धर्मातल्या पुराणकथांवर बेतलेली अमर देवांची जमात रचतेय. अमरांचं घर असलेला कुन्लुन पर्वत, शीवांगमू राणीमातेची अमरत्व देणारी पीचची फळं, सगळं जुळलंय. सगळ्यांत भिडली ती ‘तीन शवां’ची कल्पना: हे तीन अपायकारक जीव माणसाच्या देहात राहतात, दर 60 दिवसांनी तो झोपला की स्वर्गात जाऊन त्याच्या चहाड्या सांगतात आणि त्याचं आयुष्य घटतं. म्हणून साधक ती रात्र जागून काढतात!

अडलंय शिक्षेपाशी. गुन्हा केलेल्या अमराला पृथ्वीवर हद्दपार करतात, एवढं माहीत आहे. चीनच्या थांग राजवटीच्या काळातल्या (सातवं ते दहावं शतक) ली बाई या कवीलाही ‘हद्दपार अमर’ म्हणत. चिनी येत नाही, इंग्रजी अनुवाद चालतील. मालिका-गेममधले संदर्भ नकोत, अमृतमंथनाशी तुलनाही नको. मूळ कथांमध्ये अशा अमराला स्वर्गातलं आठवतं का, आणि तो इथे मरू शकतो का?