टिंकरकॅड : रेझिस्टर जोडला की एलईडी लागतच नाही, मदत हवी आहे

नमस्कार. मी आठवीला विज्ञान शिकवते. सोमवारी मुलांकडून टिंकरकॅडवर (संगणकावर सर्किट जोडून पाहायची वेबसाइट) पहिलं सर्किट करून घ्यायचं ठरवलंय आणि माझंच सर्किट अडलंय.

जोडणी अगदी साधी आहे. ९ व्होल्टची बॅटरी, एक लाल एलईडी, २२० ओहमचा रेझिस्टर (प्रवाह कमी करणारा भाग; ओहम हे त्याचं एकक) आणि छोटा ब्रेडबोर्ड (भाग खोचून जोडायची भोकांची पाटी). सिम्युलेशन सुरू केलं की एलईडी ढिम्म. रेझिस्टर काढून तिथे नुसती वायर लावली तर मात्र लगेच एलईडीवर फुटल्याची चांदणी येते. म्हणजे वीज तिथवर पोहोचतेय ना?

एलईडी उलटसुलट करून झाला (वाकडा पाय धन बाजूलाच आहे), वायरी नव्याने ओढल्या, रेझिस्टरही फिरवून पाहिला. मुलांना मी सांगणार की रेझिस्टर एलईडीला वाचवतो, आणि इथे तो विझवतोय. काय चुकतंय?

प्रतिसाद १
ब्रेडबोर्डवर पाच-पाच भोकांच्या ओळी आतून जोडलेल्या असतात. रेझिस्टरचे दोन्ही पाय एकाच ओळीत गेले तर तो असून नसल्यासारखा. पण मग तुमची चांदणी तशीच राहिली असती. तुमच्याकडे अंधार आहे, म्हणजे बहुतेक एखादा पाय शेजारच्या ओळीत गेलाय किंवा मधल्या खाचेपलीकडे.

धागाकर्ती
ओळी दोनदा मोजल्या, बरोबर आहेत.

प्रतिसाद २
ताई, रेझिस्टरवरच्या पट्ट्यांचे रंग सांगाल का? क्रमाने.

धागाकर्ती
लाल, लाल, पिवळा आणि सोनेरी.

प्रतिसाद २
सापडलं. २२० ओहमला तिसरी पट्टी तपकिरी हवी. पिवळी म्हणजे २२० किलोओहम, हजारपट जास्त. टिंकरकॅडमध्ये नवा रेझिस्टर १ किलोओहमचा येतो. आपण १ पुसून २२० लिहितो, पण शेजारचं एकक किलोओहमच राहतं. लाल एलईडी साधारण २ व्होल्ट घेतो, उरले ७. भागिले २,२०,००० केलं की जेमतेम ०.०३ मिलिअँपिअर येतात. त्यात काय उजेड पडणार! रेझिस्टर निवडा आणि एककाच्या यादीतून नुसतं ओहम घ्या.

धागाकर्ती
लागला!! दोन संध्याकाळी गेल्या होत्या हो यात. पण आता एलईडीवर सूचनेची खूण दिसतेय, प्रवाह २० मिलिअँपिअरपेक्षा जास्त आहे म्हणून.

प्रतिसाद २
ती खूण खरी आहे, दुर्लक्ष करू नका. ७ भागिले २२० म्हणजे जवळजवळ ३२ मिलिअँपिअर. ९ व्होल्टला ४७० ओहम लावा, १५ च्या आसपास येईल आणि खूण जाईल. २२० हा आकडा बहुधा तुम्ही आर्डुइनोच्या (प्रोग्रॅम करता येणारा छोटा सर्किट बोर्ड) एखाद्या धड्यात पाहिला असेल. तिथे ५ व्होल्ट असतात, म्हणून तो चालतो. खऱ्या बॅटरीवर करतानाही ४७० च ठेवा.

धागाकर्ती
४७० लावला, खूण गेली. खूप खूप आभार. सोमवारी मी सुरुवातीला मुद्दाम किलोओहमच ठेवणार आहे. पट्ट्या वाचून चूक कोणाला सापडते ते बघायचंय.