मदत हवी आहे: ॲम्बियंट संगीत कधी खऱ्या अर्थाने लोकप्रिय होऊ शकेल का?

नमस्कार,

ॲम्बियंट संगीत, म्हणजे ठळक चाल किंवा ठेका नसलेले, वातावरणात मिसळून जाणारे संगीत, मी अनेक वर्षे मनापासून ऐकत आलो आहे. सध्या त्यावर एक दीर्घ लेख लिहीत असताना शीर्षकातील प्रश्नापाशी अडलो आहे. लेखाचे तीन मसुदे झाले आणि प्रत्येकाचा निष्कर्ष वेगळा निघाला, म्हणून येथील जाणकारांची मदत मागत आहे.

अडचण या संगीताच्या मूळ हेतूतच आहे, असे मला वाटते. ब्रिटिश संगीतकार ब्रायन ईनो यांनी १९७८ साली ‘म्यूझिक फॉर एअरपोर्ट्स’ हा ॲम्बियंट अल्बम प्रसिद्ध केला, तेव्हा सोबतच्या टिपणात त्यांनी अशी अपेक्षा मांडली होती की, हे संगीत लक्ष देऊन ऐकणाऱ्याला गुंतवून ठेवील आणि ज्याला लक्ष द्यायचे नसेल त्यालाही अडवणार नाही. त्यातील दुसऱ्या रचनेत गायलेला एकेक सूर टोके जोडलेल्या, वेगवेगळ्या लांबीच्या टेपवर फिरत राहतो. टेपच्या लांबीचा मेळ बसत नसल्यामुळे सुरांची जुळणी सतत बदलत जाते. मला ती रचना अतिशय प्रिय आहे, पण ती कुणाला गुणगुणून दाखवता येत नाही. लोकप्रिय गाणे मुखड्याच्या जोरावर एका ओठावरून दुसऱ्या ओठावर जाते. ज्या संगीताला मुखडाच नाही, त्याने हा प्रवास कसा करावा?

याच्या उलट बाजूची उदाहरणेही आहेत. द ऑर्ब या गटाची जवळजवळ ४० मिनिटांची ‘ब्लू रूम’ ही रचना १९९२ साली ब्रिटनच्या सिंगल्सच्या, म्हणजे सुट्या गाण्यांच्या, लोकप्रियतेच्या यादीत आठव्या क्रमांकापर्यंत पोहोचली होती. २०२३ साली आंद्रे ३००० यांच्या बासरीच्या अल्बममधील बारा मिनिटांहून मोठी रचना अमेरिकेच्या ‘हॉट १००’ या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत आली. मात्र पहिल्या उदाहरणामागे नृत्यसंगीताचा तयार श्रोतृवर्ग होता आणि दुसऱ्यामागे रॅपर म्हणून आधीच मिळालेली कीर्ती. त्यामुळे हे यश ॲम्बियंटचे म्हणावे की नाही, याबद्दल माझे मन साशंक आहे.

दुसरीकडे, ‘विंडोज ९५’ सुरू होताना वाजणारा काही सेकंदांचा नाद ईनो यांनीच रचला होता. तो असंख्य लोकांच्या कानांवर रोज पडत असे, पण रचनाकाराचे नाव त्यांतील किती जणांना ठाऊक होते? झोपताना किंवा अभ्यास करताना तासन्‌तास संगीत लावून ठेवणाऱ्यांचेही असेच होते. संगीत घराघरांत पोहोचते, पण ते कुणाचे हे विचारावेसे वाटत नाही. यालाच लोकप्रियता म्हणायचे असेल, तर ती या संगीताला मिळालेलीच आहे. परंतु ज्यांनी आयुष्य वेचून हे संगीत घडवले त्यांचे नाव मागे राहावे, हे मला मनापासून खटकते. (फ्रेंच संगीतकार एरिक साती यांनी १९२० साली पॅरिसमध्ये मध्यंतरात ‘फर्निचर संगीत’, म्हणजे फर्निचरसारखे लक्ष न वेधता पार्श्वभूमीला राहणारे संगीत, वाजवले, तेव्हा श्रोते गप्प बसून ऐकू लागले आणि त्यांनी बोलत राहावे, अशी विनवणी खुद्द सातींना करावी लागली, असे सांगतात. आज त्या गप्प बसलेल्या श्रोत्यांचीच उणीव भासते.)

माझा कल सध्या असा आहे की, हे संगीत सर्वत्र ऐकले जाईल, पण नावाने मागितले जाणार नाही. हे मत चुकीचे ठरले तर मला आनंदच होईल. आपल्यापैकी कुणी असे संगीत आधी केवळ पार्श्वभूमीला लावत असे आणि नंतर एखादी रचना नाव शोधून, दुसरे काहीही न करता शेवटपर्यंत ऐकली, असे घडले आहे का? घडले असल्यास ती कोणती रचना होती आणि तिच्यातील नेमक्या कशाने लक्ष वेधून घेतले, हे कृपया सविस्तर लिहावे. ज्यांना हे संगीत कंटाळवाणे वाटले, त्यांनीही आपला अनुभव मोकळेपणाने सांगावा. लेखासाठी मला तोही तितकाच हवा आहे.