मदत हवी आहे: सीजीनॅटमागचा डीव्हीआर आयपीव्ही६ वरून कसा गाठायचा?

साताऱ्याला आईवडिलांच्या घरी फायबर इंटरनेट आहे आणि कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारा डीव्हीआर; तो मला पुण्याहून बघायचाय. राउटरचा वॅन (बाहेरच्या बाजूचा) पत्ता १००.७२ ने सुरू होतो, म्हणजे सीजीनॅट. एकच सार्वजनिक आयपीव्ही४ पत्ता अनेक घरांत वाटलेला. त्यामुळे पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आलेली जोडणी घरातल्या यंत्राकडे वळवणं) निरुपयोगी, करून पाहिलं. स्टॅटिक आयपी (न बदलणारा स्वतंत्र पत्ता) घरगुती प्लॅनवर मिळत नाही. (आशिया-पॅसिफिकचा आयपीव्ही४ पत्त्यांचा मोकळा साठा २०११ मध्येच आटला, त्यामुळे इंटरनेट कंपनीशी भांडण्यात अर्थ नाही.)

आयपीव्ही६ (नवी, भरपूर पत्त्यांची पद्धत) मात्र व्यवस्थित चालतं. /६४ प्रीफिक्स (पत्त्याचे पहिले ६४ बिट, कंपनीने दिलेले) मिळतो, आणि फायरवॉलमध्ये पोर्ट उघडलं की पुण्याहून मोबाइल डेटावर घरच्या रास्पबेरी पायला (छोटा संगणक) एसएसएच (दूरून लॉगिन) लागतं. पण तिथे वीज सारखी जाते. राउटर पुन्हा चालू झाला की प्रीफिक्स बदलतो. डायनॅमिक डीएनएस (बदलता पत्ता एका नावाशी जोडणारी सोय) पायवर बसवलंय, ते नवा पत्ता बरोबर उचलतं. फायरवॉलचा नियम मात्र जुन्याच पत्त्याला चिकटून बसतो. शिवाय डीव्हीआर जुना, त्याला फक्त आयपीव्ही४ कळतं.

राउटर कंपनीचा आहे, बदलू देत नाहीत, ब्रिज मोडही (त्यामागे स्वतःचा राउटर लावायची सोय) नाही. डीव्हीआरवाल्यांचं क्लाउड ॲप नको. भाड्याचा सर्व्हर घेऊन वायरगार्डचा (व्हीपीएन) बोगदा काढता येईल, पण दरमहा खर्च नको म्हणून तो शेवटचा पर्याय.

प्रीफिक्स सोडून पत्त्याच्या फक्त शेवटच्या ६४ बिटांवर नियम लावणं अशा राउटरमध्ये कुणाला जमलंय का? आणि पायवर सोकॅट (जोडणी पुढे पाठवणारा प्रोग्रॅम) ठेवून आयपीव्ही६ वर आलेलं आरटीएसपी (कॅमेऱ्याचा व्हिडिओ बघण्याचा प्रोटोकॉल) डीव्हीआरच्या आयपीव्ही४ पत्त्याकडे वळवलं, तर चित्र अडखळत नाही ना?