मदत हवी आहे: आईची चक्कर थांबली पण मान वळवायची भीती जात नाहीये

नमस्कार, आई ६४ वर्षांची आहे. तीन आठवड्यांपूर्वी पहाटे उजव्या कुशीवर वळली आणि ओरडलीच, अगं घर फिरतंय, मला धर. अर्धा मिनिट असेल जेमतेम, पण गादी घट्ट पकडून बसली होती, मग उलटी. त्यानंतर जो तो आपापलं सांगायला लागला, बीपी असेल, पित्त असेल, अशक्तपणा असेल, तपासण्या सगळ्या नॉर्मल आल्या, चक्करीच्या गोळ्यांनी नुसती गुंगीत पडून राहायची.

शेवटी कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी मान उजवीकडे वळवून तिला पटकन आडवं केलं, तर काही सेकंदांनी तिची बुबुळं आपोआप उडायला लागली, मी समोरच उभी होते, काटा आला अंगावर. बीपीपीव्ही म्हणाले, म्हणजे डोक्याची स्थिती बदलली की कानामुळे येणारी चक्कर. आतल्या कानात कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक कण असतात, त्यांच्यामुळे डोकं कललेलं कळतं, ते सुटून अर्धवर्तुळाकार नळीत शिरले की कूस बदलताना तिथलं पाणी ढकलतात, त्यामुळे डोकं थांबलं तरी तो कान मेंदूला सांगत राहतो की फिरतेय. कण खाली बसले की गरगरणं थांबतं. हे समजल्यावर मला रडूच आलं, आम्ही मेंदूचंच काहीतरी धरून बसलो होतो. मान ठरावीक क्रमाने वळवून कण परत जागेवर नेतात ते एपली दोनदा केलं आणि गरगरणं गेलं.

पण आता चालताना तरंगल्यासारखं वाटतं म्हणते, मान ताठ ठेवून अख्खं अंग वळवून बघते, तीन उशा लावून बसल्या बसल्या झोपते. रात्री बाथरूमला भिंत धरून जाते, अंधारात डोळ्यांचा आधार नसतो म्हणून पॅसेजमध्ये दिवा लावलाय. हे तरंगणं कुणाच्या घरी किती दिवस टिकलं? उशा काढायला सांगू का? आणि तिला परत चालतं कसं केलंत?

प्रतिसाद:
ताई, बाबांना हेच झालं होतं, तरंगणं दोनेक आठवड्यांत गेलं. एपलीनंतर बसून झोपायची गरज नसते असं आम्हाला सांगितलं होतं, उशा हळूहळू कमी करा. मान न हलवणं मात्र सोडायलाच हवं, हालचाल झाल्याशिवाय मेंदू नव्याने जुळवून घेत नाही. बाबांचा हात धरून रोज गच्चीवर चालवायचो, चालता चालता डावीकडे बघा, उजवीकडे बघा. परत गरगरलं तर परत एपली, हे उलटू शकतं. फक्त बोबडी वळली, एकाचे दोन दिसले किंवा एका बाजूची ताकद गेली तर कानाचं समजून घरी थांबू नका, लगेच हॉस्पिटल गाठा.

खूप आभार, आज रात्री एक उशी काढून बघते.