नाकाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, आता शेक (रेडिएशन). प्रोटॉनसाठी थांबावं का?

सांगलीचा_पुतण्या: काका जन्मभर सुतारकाम करतात. एकाच नाकपुडीतून रक्त यायचं, सर्दी समजून गोळ्या घेत राहिले. बायॉप्सीत एथमॉइड सायनसचा (दोन डोळ्यांच्या मधल्या हाडातली पोकळी) अॅडिनोकार्सिनोमा, म्हणजे ग्रंथींच्या पेशींचा कॅन्सर, निघाला. दुर्बिणीतून ऑपरेशन झालं, गाठ पूर्ण काढली म्हणतात. तरी ३० शेक सांगितलेत. काकूचा प्रश्न, गाठच नाही तर शेक कशाला? डोळा जाईल का? आणि कुणी म्हणतं, खारघरला (नवी मुंबई) प्रोटॉन किरणांचे शेक घ्या.

तंत्रज्ञ_ताई: रेडिएशन विभागातच काम करते. हा आजार परतला तर बहुतेकदा त्याच जागी परततो. डोळा आणि मेंदू पातळ हाडापलीकडे, त्यामुळे सर्जनला भोवतालचा भाग हवा तेवढा काढता येत नाही. म्हणून शेक. साधारण ६० ग्रे (रेडिएशनच्या डोसचं माप), काढलेल्या भागाच्या कडेला कॅन्सरच्या पेशी राहिल्या असतील तर ६६ पर्यंत. डोळ्याच्या नसेला मात्र ५४-५५ च्या आत ठेवायचं असतं. जुन्या पद्धतीत दृष्टी जाणं नवीन नव्हतं, आयएमआरटीत (गाठीच्या आकाराप्रमाणे एक्स-रे किरणांचा डोस कमी-जास्त करायची नवी पद्धत) ते बरंच कमी झालंय. डॉक्टरांना सरळ विचारा: कडा स्वच्छ आहेत का, आणि प्लॅनमध्ये दोन्ही नसांना किती डोस जातोय?

प्रोटॉनचा किरण ठरलेल्या खोलीवर थांबतो, त्यामुळे नसेला अगदी चिकटून आजार असेल तर फायदा. पण आयएमआरटीपेक्षा नक्की सरस, हे समोरासमोरच्या तुलनेत सिद्ध झालेलं नाही. नंबरसाठी थांबून उशीर करू नका. ऑपरेशननंतर सहा आठवड्यांच्या आत शेक सुरू व्हायला हवेत.

मिरजवाली_मावशी: आमच्या ह्यांना वरच्या जबड्याच्या सायनसचा होता. शेकाआधी दातांच्या डॉक्टरला दाखवाच! किडलेला दात नंतर काढला तर जबड्याचं हाड सडू शकतं. आणि तोंड उघडण्याचा व्यायाम रोज, कंटाळा आला तरी. ह्यांनी टाळला, मग घास जाईना.

सांगलीचा_पुतण्या: आभार. बरं होण्याची शक्यता किती, हे कुणी नीट सांगत नाही.

तंत्रज्ञ_ताई: नाक-सायनसच्या कॅन्सरचे सगळे प्रकार धरले तर पाच वर्षांनी निम्म्याच्या आसपास रुग्ण हयात असतात. पण तो आकडा काकांचा नव्हे. मेलानोमाचा (रंग बनवणाऱ्या पेशींचा कॅन्सर) निकाल फार वाईट, एथमॉइडचा अॅडिनोकार्सिनोमा त्यामानाने बरा, त्यातही टप्पा लवकरचा असेल तर आणखी. परिषदेत, म्हणजे सर्जन-रेडिएशन-केमोवाले एकत्र बसतात तिथे, केस ठेवली होती का विचारा.

मिरजवाली_मावशी: आणि नाक धुवायला मिठाचं पाणी उकळून गार केलेलं घ्या, नळाचं नको. खपल्या फार धरतात.