रोजची क्वार्टर आणि पाच आठवड्यांवर हर्नियाचं ऑपरेशन: उद्यापासून एकदम बंद करायची का?

कृष्णाकाठ:
मामांचं वय ५८. दहा-बारा वर्षं रोज रात्री एक क्वार्टर, व्हिस्की किंवा रम, बाटलीवर ४२.८ टक्के छापलेलं असतं. रविवारी दुपारी वर एखादी नाइनटी. मधुमेह आहे, मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड चालू आहे. हर्नियाच्या ऑपरेशनची तारीख पाच आठवड्यांनंतरची मिळाली आहे. सर्जननी ‘दारू बंद करून या’ एवढंच सांगितलं. मामी आज रात्रीच घरातली बाटली मोरीत ओतायला निघाल्या आहेत. दरवर्षी श्रावणात ते बंद ठेवतात, तेव्हा दुसऱ्या दिवशी सकाळी हात इतके थरथरतात की चहा बशीत सांडतो. ऑपरेशनच्या किती दिवस आधी बंद करायला हवी, आणि कशी?

राऊंडवर:
बाटली ओतायची घाई करू नका. दारू चालू राहावी असं मला मुळीच वाटत नाही, पण चहा बशीत सांडतो ही तुम्ही दिलेली सगळ्यात महत्त्वाची माहिती आहे. शरीर दारूवर अवलंबून असल्याची ती खूण.

आधी हिशोब. क्वार्टर म्हणजे १८० मिली. त्याचे ४२.८ टक्के म्हणजे ७७ मिली शुद्ध अल्कोहोल, वजनात साधारण ६१ ग्रॅम. यकृत तासाला ७ ते १० ग्रॅम जाळतं. रात्री दहाला संपवलेली क्वार्टर पहाटे चार ते सकाळी सात या वेळात कधीतरी पूर्ण उतरते. लिंबूपाणी, कॉफी, गार पाण्याची आंघोळ यांनी हा वेग वाढत नाही.

अल्कोहोल मेंदूला सुस्तावतं. रोज मिळालं की मेंदू तोल सांभाळायला स्वतःची उत्तेजना वाढवून ठेवतो. दारू अचानक काढली की ती वाढवलेली उत्तेजना तशीच उरते. म्हणून शेवटच्या घोटानंतर ६ ते १२ तासांत थरथर, घाम, मळमळ, बेचैनी सुरू होते. फिट येण्याचा धोका ६ ते ४८ तासांत असतो. सगळ्यात गंभीर अवस्था, ज्यात माणूस भ्रमिष्ट होतो, भिंतीवर किडे चालताना दिसतात, ताप चढतो आणि नाडी धावते, ती दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान येते. उपचार झाले नाहीत तर ती जीवघेणी ठरू शकते.

श्रावणाचं म्हणाल तर, दरवर्षी असं एकदम सोडून पुन्हा धरल्याने पुढच्या वेळचा त्रास वाढत जाऊ शकतो. मागच्या वर्षी नुसती थरथर होती, म्हणून यंदाही तेवढ्यावरच भागेल असं धरून चालू नका.

ऑपरेशनच्या आधी किमान ४ आठवडे पूर्ण बंद हवी. तेवढ्यात रक्त गोठणं, प्रतिकारशक्ती आणि हृदयावरचा ताण बराच सुधारतो. जखम चिघळण्याची शक्यता कमी होते. तुमच्याकडे पाच आठवडे आहेत, म्हणजे सुरुवात याच आठवड्यात करायची, पण डॉक्टरांच्या देखरेखीखाली. फिजिशियन किंवा मानसोपचारतज्ज्ञ साधारण ५ ते ७ दिवसांचा कमी कमी होत जाणारा गोळ्यांचा कोर्स देतात, बहुतेक वेळा क्लोरडायझेपॉक्साइड. यकृत खराब असेल तर लोराझेपाम. या गोळ्या आपल्या मनाने आणून द्यायच्या नाहीत. वर दारू घेतली तर श्वास मंदावतो.

आधी कधी फिट आली असेल, सकाळी उठल्या उठल्या थरथर थांबवायला घोट, म्हणजे उतारा, लागत असेल, कावीळ किंवा पोटात पाणी असेल, किंवा घरी रात्रभर लक्ष ठेवणारं कोणी नसेल, तर हे घरी करायचं नाही, ॲडमिट व्हायचं.

गोळ्याबाटल्या:
औषधांच्या बाजूने थोडं.

ग्लिमेपिराइड आणि दारू ही जोडी मला मेटफॉर्मिनपेक्षा जास्त घाबरवते. यकृत अल्कोहोल जाळण्यात गुंतलं की नवी साखर बनवणं थांबवतं, आणि गोळी मात्र साखर खाली ओढतच राहते. रात्री चकण्यावर भागवून न जेवता झोपलेल्या माणसाची साखर पहाटे धोकादायक खाली जाऊ शकते. घाम, बडबड, अडखळत बोलणं ही लक्षणं हुबेहूब नशेसारखी. तोंडाला वास येत असतो, म्हणून घरचे ‘चढलीय, झोपू द्या’ म्हणतात. अशा वेळी ग्लुकोमीटर लावून बघा. ७० च्या खाली असेल आणि माणूस शुद्धीवर असेल, तर ३ चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या, १५ मिनिटांनी परत तपासा. शुद्ध नसेल तर तोंडात काही घालू नका, १०८ ला फोन करा. दारू बंद झाल्यावर साखरेचं गणित बदलतं, तेव्हा डोस डॉक्टरांकडून परत ठरवून घ्या. मेटफॉर्मिन आणि दारू मिळून रक्तात लॅक्टिक आम्ल साठू शकतं. उलट्या होत असतील, जेवण जात नसेल तर ती गोळी चालू ठेवायची का, हे त्याच दिवशी विचारा.

हर्निया दुखतो म्हणून पॅरासिटामॉल घेत असतील, तर रोज पिणाऱ्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय दिवसाला २ ग्रॅमच्या, म्हणजे ५०० च्या ४ गोळ्यांच्या वर जायचं नाही. त्यांच्या यकृतात या गोळीचा विषारी भाग जास्त तयार होतो आणि तो निकामी करणारा साठा कमी असतो. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक त्याहून वाईट, जठरातून रक्तस्राव होऊ शकतो. जुलाबासाठी मेट्रोनिडाझोल किंवा टिनिडाझोल दिलं, तर कोर्सभर आणि पुढचे ३ दिवस एक थेंबही नको. झोपेच्या गोळ्या, ट्रॅमाडॉल, गुंगी आणणारं खोकल्याचं औषध यांच्याबरोबर तर कधीच नाही. क्षयाची औषधं चालू असतील तरी नाही, कारण तीही यकृतावरच भार टाकतात.

पायवाट:
एवढं घाबरवायचं कारण नाही. आमच्याकडे माणसं वारीला निघताना माळ घालतात आणि त्या दिवसापासून शिवत नाहीत. मनावर घ्यायला हवं, बाकी काही नाही.

ओसरी:
पायवाट, माळेचं बळ मोठं आहे आणि कित्येक घरं तिने सावरली आहेत. पण माळ घालायचा निर्धार मनाचा असतो आणि फिट मेंदूला येते. पहिला आठवडा औषधाच्या आधाराने निभावावा आणि मग माळ घालावी, यात काहीच विरोध नाही. दुसरा महिना, तिसरा महिना हीच तर माळेच्या खऱ्या उपयोगाची वेळ.

व्यसनमुक्तीच्या कामात दिसणाऱ्या दोन चुका सांगते. पहिली, सलाईन. थरथर सुरू झाली की जवळच्या दवाखान्यात नेऊन ग्लुकोजची बाटली लावून आणतात. रोज पिणाऱ्यांच्या शरीरात थायमिन, म्हणजे बी-१, फार कमी असतं. त्याशिवाय नुसतं ग्लुकोज गेलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते: गोंधळ, डोळ्यांची हालचाल बिघडणं, चालताना झोक जाणं. म्हणून ‘थायमिनचं इंजेक्शन दिलंत का?’ हे स्पष्ट विचारा. साखर खाली गेली असेल तर ग्लुकोज अडवायचं नाही, दोन्ही सोबत द्यायचं.

दुसरी, चहातून किंवा भाजीतून गुपचूप दिलेली गोळी. ती गोळी म्हणजे डायसल्फिराम, दारू सोडवण्यासाठी देतात ती. ती घेतलेल्या माणसाने दारू घेतली की चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. हृदयविकार असलेल्याचा जीवही जाऊ शकतो. शेवटच्या पेगनंतर किमान १२ तास गेल्याशिवाय ती सुरू करत नाहीत, आणि गोळी थांबवल्यावरही तिचा परिणाम २ आठवड्यांपर्यंत राहतो. ज्याला हे माहीतच नाही तो काळजी घेणार कशी? मामांना कळवल्याशिवाय आणि त्यांची संमती असल्याशिवाय हे करूच नका. कसल्याही ‘दारू सोडवणाऱ्या पावडरी’ही नकोत, आत काय आहे ते कुणी लिहीत नाही.

पुण्यात मुक्तांगण १९८६ पासून हे काम करतं. फोनवर बोलायचं असेल तर १४४४६ ही व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन आहे. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या मराठी सभा चालतात, आणि मामींसाठी अल-अ‍ॅनॉन. तिथे घरच्यांनी काय करावं आणि काय करू नये हे शिकता येतं.

कृष्णाकाठ:
मामींना सगळं वाचून दाखवलं. फिट कधी आलेली नाही, उतारा घेत नाहीत. उद्या सकाळी फिजिशियनकडे नेतोय. जाताना काय न्यायचं? आणि आज रात्री काय करायचं?

राऊंडवर:
कागदावर लिहून न्या: रोज किती मिली, बाटलीवर किती टक्के, किती वर्षं, शेवटची कधी घेतली, श्रावणात काय होतं. ‘थोडी घेतात’ लिहू नका. भूलतज्ज्ञालाही हाच कागद दाखवा. आकडा लपवला आणि ऑपरेशननंतर तिसऱ्या रात्री माणूस बरळायला लागला, तर ते भुलीमुळे की दारू तुटल्यामुळे, हे शोधण्यातच वेळ जातो.

तपासण्या फिजिशियन लिहून देतीलच. प्लेटलेट्ससह सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), यकृतासाठी एसजीओटी, एसजीपीटी, जीजीटी, बिलिरुबिन, अल्ब्युमिन, रक्त गोठण्यासाठी आयएनआर, शिवाय पोटॅशियम, मॅग्नेशियम आणि पोटाची सोनोग्राफी यातलं काही राहिलं नाही ना, एवढं बघा. यकृतावर नुसती चरबी असेल तर बंद केल्यावर काही आठवड्यांत ती बरीच उतरते. सिरोसिस, म्हणजे यकृत आक्रसून कडक झालेलं, निघाला तर ऑपरेशनचाच परत विचार करावा लागेल.

आज रात्री रोजच्यापेक्षा थेंबभरही जास्त नाही, पण एकदम शून्यही नाही. आधी पोटभर जेवण, भाकरी-भाजी-वरण, आणि झोपताना साखर तपासा. मामींनी आज भांडण काढू नये. फिट आलीच तर कुशीवर वळवा, डोक्याखाली घडी केलेली चादर ठेवा, वेळ बघा आणि १०८ लावा. कांदा, चप्पल हुंगवायची नाही, दातांत चमचा घालायचा नाही.

आणि सकाळी गाडी तुम्ही चालवा. १०० मिली रक्तात ३० मिलीग्रॅमच्या वर अल्कोहोल असलं की कायद्याने गुन्हा आहे, आणि रात्री उशिरा संपवलेल्या क्वार्टरचं काही ना काही तेव्हाही रक्तात असू शकतं.