हैतीची कला मुलांच्या हाती: पत्रा, मुखवटा की टिकल्या? (टोपणनावांनी चौघांची चर्चा)

छिन्नी: १८ मे हा हैतीचा ध्वजदिन. हैतीची बरीच कुटुंबं राहतात त्या बॉस्टन, ब्रुकलिन, मायामी इथल्या वाचनालयांनी त्या महिन्यात मुलांकडून नुसते लाल-निळे कागद चिकटवून घेऊ नयेत, पत्र्याचं काम द्यावं. हैतीतल्या क्रुआ-दे-बुके गावचे कारागीर २०० लिटरचं जुनं पिंप आतून पाला पेटवून साफ करतात, चिरून सपाट ठोकतात, खडूने चित्र काढतात आणि छिन्नीने कापतात. मुलांना ०.१ मिमीचा अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा, खाली वर्तमानपत्राची जाड घडी आणि शाई संपलेलं बॉलपेन पुरतं. उठाव मागून द्यायचा, कात्री नंतर. आधी कापलं तर दाबताना कड वळते आणि बोट चिरतं. पोळ्या गुंडाळायची फॉइल नको, टोक लागताच फाटते. शेवटी काळा अ‍ॅक्रिलिक फासून मिनिटभराने ओल्या फडक्याने पुसला की खोलगट रेषा उठून दिसतात. पाऊण तासात काम होतं.

लगदा: सहा-सात वर्षांच्या मुलांना धारेचा पत्रा? साफ चूक. हैतीतल्या जाकमेल शहराच्या कार्निव्हलचे कागदी मुखवटे घ्या. तिथे मातीच्या साच्यावर कागदाचे थर देतात; इथे पालथा वाडगा चालेल, पण त्यावर प्लास्टिक ताणायला विसरू नका, नाहीतर मुखवटा सुटतच नाही. एक वाटी मैदा, दोन वाट्या पाणी. दोन सेंटिमीटरच्या पट्ट्या हाताने फाडायच्या. कापलेल्या कडा थरांत मिसळत नाहीत.

छिन्नी: आणि वाळणार कधी?

लगदा: दोन शनिवार घ्यायचे. तीन थर, प्रत्येक आडवा-उभा, खळ बोटांनी निपटून. खळ जाड राहिली तर आत ओल धरते आणि आठवड्यात बुरशी येते. पोपट, बिबट्या करू द्या. मोठ्या दातांचा चालोस्का मात्र दहाच्या पुढच्यांना. १९१५ मध्ये कैद्यांच्या कत्तलीत हात असलेल्या क्रूर लष्करी अधिकाऱ्याची ती नक्कल आहे, हे न सांगता तो करून घेणं मला मान्य नाही.

वाचनकट्टा: काहीही करा, वोडू या हैतीतल्या धर्माची चिन्हं वगळा. सार्वजनिक वाचनालयात धर्म नको.

छिन्नी: मग उरेल काय? पत्राकलेचा पाया घालणारे जॉर्ज लिओतो मुळात लोहार, कबरींचे क्रूस घडवणारे. त्या पत्र्यांत सतत दिसणारी मत्स्यकन्या म्हणजे लासिरेन, समुद्राची देवता. २००३ पासून वोडूला हैतीत अधिकृत धर्माचा दर्जा आहे. लासिरेनला 'छान जलपरी' म्हणून खपवणं ही मुलांची फसवणूकच.

टिकली: इथे मी मधली वाट धरेन. मक्याच्या पिठाने चिमटीतून जमिनीवर काढतात ते वेवे, म्हणजे वोडू देवतांची चिन्हं, पूजेचा भाग आहेत, ते मुलांकडून काढून घेऊ नयेत. पण द्रापोचं, म्हणजे टिकल्यांच्या ध्वजाचं, तंत्र खुशाल शिकवा, नक्षी मुलांची. १५ सेंमी फेल्ट, भरतकामाच्या रिंगमध्ये ताणलेलं, नाहीतर चुण्या पडतात. सुई खालून वर, टिकलीतून, मग मण्यातून, पुन्हा टिकलीच्याच भोकातून खाली. मणी भोकापेक्षा मोठा हवा. लहान असला की आरपार जातो आणि टिकली गळते. गोंद वापरू नका, टाकाच तर शिकायचा आहे.